‘त्या आयपीमागचं नाव कळवा’ असं पत्र आलं तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात फायबर इंटरनेटचा धंदा करणाऱ्या एका तरुण ऑपरेटरचा प्रश्न आहे. मुंबईच्या एका वकिलांच्या फर्मकडून त्यांना ईमेल आला. तुमच्या अमुक आयपी ॲड्रेसवरून (इंटरनेटवरचा जोडणीचा नंबर) आमच्या अशिलाचा सिनेमा टोरंटने (लोक एकमेकांना थेट फाईल देतात त्या पद्धतीने) उतरवला गेला, त्या ग्राहकाचं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर ४८ तासांत कळवा, नाहीतर तुम्हालाही प्रतिवादी करू, असा मजकूर. ग्राहक ओळखीतलाच निघाला, घरात कॉलेजला जाणारा मुलगा. नाव दिलं तर बाजारात तोंड दाखवायची पंचाईत, नाही दिलं तर कोर्टाची पायरी. काय करू?

नाव देऊ नका. या पत्रावर तर नाहीच. पण पत्र डिलीटही करू नका, आणि मुलाच्या वडिलांना फोन लावून ‘पोरगं काय करतंय बघा जरा’ असं सांगायलाही जाऊ नका.

आधी पत्र पाठवणारा कोण ते बघा. सिनेमाचा हक्कदार, त्याचा वकील, त्याने नेमलेली पायरसी शोधणारी एजन्सी हे सगळे खासगी पक्ष आहेत. त्यांना मागता येतं, तुमच्यावर सक्ती करता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ग्राहकाचं नाव तक्रारदाराला द्या असं सांगणारं कलम नाही. अशा पत्रांत बहुतेक वेळा कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ ठळक अक्षरांत छापलेला असतो. वाचून घाम फुटावा हाच त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात ती तरतूद काय म्हणते? लेखी तक्रार आली की तुम्ही ज्या प्रतीपर्यंत लोकांना पोचवता ती वाट ३६ तासांच्या आत बंद करा, २१ दिवस बंद ठेवा, तेवढ्यात कोर्टाचा हुकूम आला नाही तर पुन्हा सुरू करायला तुम्ही मोकळे. उलट तक्रारदारानेच दावा दाखल करीन अशी हमी द्यायची असते. सगळा मामला प्रत बंद करण्याचा आहे, ग्राहकाचं नाव तुम्ही द्या असं त्यात कुठेही नाही. शिवाय टोरंटची फाईल तुमच्याकडे नसतेच, तुमच्या तारेतून नुसता डेटा जातो. त्यासाठी त्याच कलमातलं आधीचं पोटकलम आहे: प्रसारणाच्या निव्वळ तांत्रिक प्रक्रियेत क्षणभर साठलेली प्रत म्हणजे हक्कभंग नव्हे.

राहिली प्रतिवादी करण्याची धमकी. दावा कुणीही कुणावरही लावू शकतो. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ तुमच्या बाजूने आहे. डेटा तुम्ही सुरू केला नाही, कुणाला जायचा ते तुम्ही ठरवलं नाही, आतला मजकूर तुम्ही बदलला नाही, तर ग्राहकाच्या कृत्याचा दोष तुमच्या माथी येत नाही. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मध्यस्थाला (म्हणजे तुमच्यासारख्या, दुसऱ्याचा डेटा पोचवणाऱ्याला) ‘माहिती झाली’ असं म्हणायचं तर कोर्टाचा हुकूम किंवा सरकारी अधिसूचना हवी. समोरचा वकील हुशार असेल तर लगेच मायस्पेसचा निकाल पुढे करील. दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये म्हटलं की कॉपीराइटच्या बाबतीत नेमकी फाईल दाखवून दिलेली नोटीसही ‘माहिती’ ठरू शकते. तसं म्हटलं आहे, नाकारायचं कारण नाही. पण ती कंपनी लोकांची गाणी आणि व्हिडिओ स्वतःच्या साइटवर ठेवणारी होती, आणि वाद ते काढून टाकण्याचा होता. तारवाल्याने ग्राहकाचं नाव फोडावं, असा अर्थ त्या निकालातून ओढूनताणूनही निघत नाही.

तिसरा कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याच्या कलम १७ मध्ये कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या डेटाला सूट आहे, म्हणजे तुम्ही नाव देऊ शकता, असं पत्रात लिहिलेलं असू शकतं. सूट म्हणजे सक्ती नव्हे. दुसऱ्या बाजूला तुमच्या लायसन्समध्येच ग्राहकाची माहिती गुप्त ठेवण्याची अट आहे, आणि करार मोडून, एखाद्याचं नुकसान होणार हे ठाऊक असताना त्याची माहिती उघड केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२-ए खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हेही उत्तर लिहिताना एका ओळीत घालायला हरकत नाही.

आता मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो. तुमच्या नेटवर्कात मूव्ही सर्व्हर आहे काय?

विचारण्याचं कारण आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच छोट्या ऑपरेटरांनी बाहेरची बँडविड्थ वाचावी आणि ग्राहक टिकावा म्हणून कंट्रोल रूममध्ये एक जुना कॉम्प्युटर ठेवून त्यात मराठी, कन्नड, हिंदी, साउथ डब सिनेमे भरले. ग्राहकाला लोकल स्पीडने फुकट. जाहिरातही केली, पॅम्फ्लेटवर छापलं. हा सर्व्हर तुमच्याकडे असेल तर वर लिहिलेलं सगळं विसरा. तिथे डेटा तुम्ही निवडला, तुम्ही साठवला, तुम्ही वाटला. कलम ७९ ची छत्री मिटली. त्यात कर्नाटकात आणखी एक गोष्ट आहे. १९८५ चा जो कायदा आपण ‘गुंडा ॲक्ट’ म्हणून ओळखतो त्यात ऑडिओ-व्हिडिओ पायरेटही येतात, आणि २०१४ च्या दुरुस्तीने त्यात ‘डिजिटल ऑफेंडर’ नावाचा वर्ग घातला: धंद्यासाठी जाणूनबुजून कॉपीराइट मोडणारा. या कायद्याखाली खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. हॉस्टेलमध्ये सिनेमा उतरवणारा पोरगा त्या व्याख्येत बसवणं कठीण, पण महिन्याचं बिल घेऊन सिनेमे पुरवणारा ऑपरेटर सहज बसतो. सर्व्हर असेल तर आजच बंद करा आणि उत्तर पाठवण्याआधी वकील गाठा. ग्राहकाच्या खासगीपणाची ढाल पुढे करून स्वतःचा सर्व्हर झाकायला गेलात तर दोन्ही जातील.

सर्व्हर नाही असं धरून पुढे जातो.

वकिलाचं पत्र आणि पोलिसांची नोटीस यांची गल्लत करू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षांची कैद आहे, आणि मे २०२२ मध्ये निट प्रो खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे हक्कदार पोलिस ठाण्यात गेला तर मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय एफआयआर होऊ शकतो. तसं झालं की ठाण्याचा प्रभारी अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तुमच्याकडे कागद मागू शकतो. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ९१ होतं, जुन्या लोकांच्या तोंडी अजून तोच आकडा असतो. ही नोटीस आली तर टाळाटाळ नाही, मुदतीत उत्तर द्यायचं. मात्र नोटीस लेखी हवी, सरकारी डोमेनवरच्या ईमेलने किंवा सही-शिक्क्याने, त्यात गुन्हा नंबर, कलम आणि नेमकी कुठली माहिती हवी ते लिहिलेलं हवं. ‘सायबर सेलमधून बोलतोय, त्या नंबरचं नाव सांगा’ हा फोन म्हणजे नोटीस नव्हे. फोनवर बोलणारा खरोखर पोलिस असला तरी नव्हे. अदबीने म्हणायचं, ‘साहेब, मेल करा, लगेच देतो.’ खऱ्या अधिकाऱ्याला याचा राग येत नाही, त्यालाही कोर्टात कागदच दाखवायचा असतो.

नोटीस कन्नडमध्ये असेल आणि नीट वाचता येत नसेल तर ‘वाचलं, समजलं’ या ओळीखाली सही करू नका. पोच द्या, आणि लगेच वाचून घ्या. कुठला आयपी, कुठली वेळ आणि नेमकं काय मागितलंय यात एका शब्दाची चूक झाली तर दुसऱ्याच घराचं नाव जातं. आणि मागितलं तेवढंच द्या. एका आयपीच्या एका वेळेचं नाव मागितलं असताना अख्ख्या महिन्याचं सेशन रेकॉर्ड (कनेक्शन कधी कसं वापरलं याची नोंद) जोडणारे महाभाग मी पाहिलेत. सहकार्य म्हणून केलं म्हणतात. ग्राहकाने ज्याबद्दल काहीच केलेलं नाही त्याचीही माहिती तुम्ही फुकट वाटली, एवढाच त्याचा अर्थ.

आता तांत्रिक बाजू. इथेच खरी मेख आहे, आणि वकिलाला ती ठाऊक नसते.

तुमच्याकडे पब्लिक आयपी किती? छोट्या ऑपरेटरकडे मूठभर असतात. त्यामुळे नॅट लावून एका पब्लिक आयपीवर कितीतरी घरं चालवलेली असतात. एसटीतल्या एका सीटचा नंबर सांगून दिवसभरात त्यावर बसलेल्यांपैकी चोर कोण असं विचारावं, तसं हे झालं. नेमकं घर सापडायला आयपीबरोबर सोर्स पोर्ट (त्या क्षणी त्या जोडणीला मिळालेला उपनंबर) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. टोरंटवर नजर ठेवणारी एजन्सी स्वतः त्या जाळ्यात शिरून समोरच्यांचे आयपी, पोर्ट आणि वेळ नोंदवते, म्हणजे पोर्ट तिच्याकडे असतो, पण वकिलाच्या पत्रात उतरताना तो गळतो. दुसरं, ती वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. रात्री ९ ची नोंद तुम्ही रात्री ९ लाच शोधलीत तर निष्पाप माणूस सापडणार, कारण खरा डेटा आपल्याकडच्या मध्यरात्री अडीचचा आहे, तारीखही दुसरी. तिसरं, तुमच्या राउटरचं घड्याळ. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेलं हवं. जाऊन बघा, वीज गेल्यावर कित्येक राउटर १९७० सालात जागे होतात.

ग्राहक ओळखीतला निघाला, असं तुम्ही लिहिलंय. तो कसा निघाला? पत्रात पोर्ट होता काय? नसेल तर तुम्हाला ग्राहक सापडलेला नाही, तुम्ही अंदाज केलाय. घरात तरुण पोरगा आहे म्हणून तो अंदाज खरा वाटतोय, इतकंच.

पोर्ट जुळला तरी लॉग (तुमच्या यंत्रणेत आपोआप होणारी वापराची नोंद) तुम्हाला कनेक्शनपर्यंत नेतो, माणसापर्यंत नाही. बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर भागात चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडची पोरं एकेका खोलीत चार-चार राहतात, कनेक्शन घरमालकाच्या नावावर, वायफायचा पासवर्ड मेसवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ. नाव दिलं की आरोपी होतो घरमालक, निवृत्त मास्तर वगैरे. कोर्टात लॉग सादर होताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ते ६५-बीचं होतं. त्यावर सही तुमची. घड्याळ चुकलेलं आणि पोर्ट नसलेल्या लॉगवर तुम्ही सही करणार काय?

यावर कुणी म्हणेल, लॉगच ठेवू नयेत म्हणजे कटकट नाही. स्वीडनमध्ये बानहोफ नावाच्या कंपनीने २००९ मध्ये तसं केलं, हक्कदारांना नावं मागायची मुभा देणारा कायदा आला तेव्हा लॉग पुसून टाकायला सुरुवात केली. आपल्याकडे ते चालत नाही. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये लायसन्सच्या अटी बदलून रेकॉर्ड ठेवण्याची मुदत १ वर्षावरून २ वर्षं केली. लॉग ठेवावे लागणारच. ते कोण उघडू शकतो, हे मात्र तुमच्या हातात आहे, आणि आपल्या धंद्यात सगळ्यात ढिला कारभार तिथेच आहे.

ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये, ती फाईल लाइनमनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आधार कार्डाचे फोटो त्याच ग्रुपवर. रेडिअस सर्व्हरचा (ग्राहकांची लॉगिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) ॲडमिन पासवर्ड काउंटरवरच्या पोराला माहीत, काम सोडून गेलेल्यालाही माहीत. फ्रँचायझी असेल तर वरच्या कंपनीच्या पोर्टलचं एकच लॉगिन तिघे वापरतात. वकिलाने कायदेशीर पत्र कशाला पाठवायचं? चहाच्या टपरीवर लाइनमनला गाठलं तरी काम होतं. म्हणून लॉगिन वेगळी करा, कुणी कधी काय उघडलं याची नोंद राहू द्या, लाइनमनला घराचा पत्ता आणि फोन पुरतो, त्याला सेशन रेकॉर्ड दिसायची गरज नाही. आणि नाव मागणारं कुठलंही पत्र आलं तर उत्तर देणारा माणूस एकच असू द्या. फ्रँचायझी असाल तर तो माणूस तुम्ही नसून लायसन्सधारक कंपनीचा नोडल अधिकारी आहे. पत्र त्याच्याकडे पाठवा, परस्पर उत्तर देऊ नका.

सीमाभागात मला याची काळजी जास्त वाटते ती वेगळ्या कारणाने. या लॉगमध्ये सिनेमेच असतात असं नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आणि १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला कोण काय बघतो, कुठल्या साइटवर जातो, तेही त्यातच असतं. सिनेमाच्या पत्रावर, तोंडी मागणीवर नाव द्यायची सवय ऑफिसला एकदा लागली की पुढचा मागणारा कोण असेल ते तुम्ही ठरवू शकत नाही.

बाहेर काय झालं तेही थोडक्यात सांगतो, कारण पत्रात अमेरिकेचा धाक घातलेला असू शकतो. अमेरिकेतच व्हेरायझन या इंटरनेट कंपनीने ग्राहकांची नावं द्यायला नकार दिला आणि डिसेंबर २००३ मध्ये अपील कोर्टाने तो मान्य केला: नुसती तार पुरवणाऱ्याकडून कोर्टाच्या कारकुनाच्या शिक्क्यावर नावं काढता येणार नाहीत, रीतसर दावा लावा. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण जास्त बोलकं आहे. एका हॉलिवूड सिनेमाच्या हक्कदारांनी आयआयनेट आणि इतर इंटरनेट कंपन्यांकडे ४,७२६ आयपींमागची नावं मागितली. २०१५ मध्ये न्यायमूर्ती पेरम यांनी नावं द्यायला परवानगी दिली, पण अट घातली की ग्राहकांना जे पत्र पाठवणार त्याचा मसुदा आधी मला दाखवा. मसुद्यातून जबर रकमा उकळण्याचा बेत दिसला, तेव्हा त्यांनी ६ लाख डॉलरची हमी भरायला सांगितली. हक्कदारांनी पुढे तो नाद सोडला. नाव द्यायचं की नाही यापेक्षा नाव मिळाल्यावर समोरचा काय करणार, हे त्या न्यायाधीशाने आधी विचारलं. आपल्याकडे तसं विचारणारं कुणी मध्ये नसेल तर फोन थेट घरी जातो, आणि ‘इतके भरा, नाहीतर मुलाचं करिअर संपलं’ एवढ्यावर बाप पैसे भरून मोकळा होतो.

भारतात कोर्टांचा कल मुख्यतः साइट बंद करण्याकडे राहिलाय. एप्रिल २०१९ मध्ये यूटीव्हीच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टाने डायनॅमिक इंजंक्शन दिलं, म्हणजे बंद केलेल्या साइटची नवी आवृत्ती निघाली की तीही त्याच हुकुमात ओढता येते. असे ब्लॉकिंगचे हुकूम आले तर ते पाळायचे, त्यात ग्राहकाचं नाव जात नाही. पण ब्लॉक केलेल्या पानावर मनाला येईल तो मजकूर टाकू नका. २०१६ मध्ये अशा पानांवर नुसतं ‘पाहणं’ हाही गुन्हा असल्यासारखा मजकूर झळकत होता, तेव्हा मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी पाहणं हा गुन्हा नाही असं सांगून तो मजकूर बदलायला लावला.

उत्तर असं लिहा, इंग्रजीतून, अर्ध्या पानात. आपलं पत्र अमुक तारखेला मिळालं. आम्ही फक्त जोडणी पुरवतो, आपण म्हणता ती प्रत आमच्याकडे साठवलेली नाही. ग्राहकाची माहिती लायसन्स आणि कायद्याप्रमाणे गोपनीय आहे, सक्षम कोर्टाच्या हुकुमाशिवाय किंवा अधिकृत तपास यंत्रणेच्या लेखी मागणीशिवाय ती देता येत नाही. आपण दिलेल्या तपशिलात सोर्स पोर्ट आणि टाइम झोन नाही, त्यामुळे कुठलीही जोडणी निश्चित करता येत नाही. संबंधित काळाचे लॉग आम्ही जपून ठेवत आहोत. बस. ‘आमचा ग्राहक निर्दोष आहे’ असं लिहू नका, तुम्हाला ते माहीत नाही. ‘ग्राहकाला समज दिली आहे’ असंही लिहू नका, त्यातून ग्राहक सापडल्याची कबुली जाते.

लॉग जपण्याचं वाक्य घाबरून गाळू नका. त्या दिवसाच्या लॉगची प्रत खरोखरच वेगळी काढून कुलपात ठेवा. उद्या कोर्टाने मागितला आणि पत्र आल्यानंतर पुसल्याचं दिसलं, तर प्रकरण कॉपीराइटचं राहत नाही, पुरावा नष्ट केल्याचं होतं. दावा खरंच लागला आणि तुम्हाला समन्स आलं तर हजर राहा, नाव सीलबंद लिफाफ्यात देण्याची परवानगी मागा, आणि ग्राहकाला आधी म्हणणं मांडू द्यावं अशी विनंती करा. हायकोर्टापर्यंत जायची वेळ आलीच तर आपल्याला धारवाड खंडपीठ आहे, बेंगळुरूचा हेलपाटा नाही.

एक खासगीत विचारल्यासारखं विचारतो. हे कनेक्शन कर्नाटकातच आहे ना? शिनोळीत किंवा चंदगडच्या बाजूला तार ओढलेली असेल, आणि लायसन्स बेळगावपुरतं किंवा कर्नाटक सर्कलपुरतं असेल, तर या पत्रापेक्षा ते दुखणं मोठं आहे. त्यावर वेगळं बोलू.

आता तुमच्या ओळखीचे ते वडील. पोर्ट जुळून कनेक्शन नक्की झालं असेल तरच त्यांना कळवा, आणि ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांनाच, ईमेलने किंवा बंद पाकिटातून. वकिलाच्या पत्रातला तक्रारीचा भाग जोडा, त्यांचं नाव आम्ही कुणालाही दिलेलं नाही हे स्पष्ट लिहा. मुलाचा उल्लेख नको. टोरंटमध्ये सिनेमा उतरताना तोच सिनेमा त्याच वेळी दुसऱ्यांना वाटलाही जातो, म्हणून ते नुसतं पाहण्यापेक्षा वेगळं आहे, ही माहिती दोन ओळींत द्या. वायफायचा पासवर्ड बदलायला सांगा. या प्रकरणात कुणीही थेट फोन करून पैसे मागितले तर भरू नका, आधी आम्हाला किंवा तुमच्या वकिलांना विचारा, हे वाक्य मात्र मोठ्या अक्षरात छापा.